अवांतर वाचन



या वाचनालयाच्या ज्या ग्रंथपालांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण दरवर्षी भरवता, त्यांच्या देवघेवीच्या खिडकीसमोर मी वयाच्या आठव्या वर्षी, मुठीत चार आण्यांची वर्गणी घट्ट धरून, प्रथम उभा राहिलो, तेव्हा माझे डोके त्या खिडकीच्या फळीपर्यंतही पोचत नव्हते. आणि आज त्याच वास्तूत, त्यांच्याच नावाने मला चार शब्द बोलण्यास सांगण्यात यावे, याचे मोल माझ्यासारख्या शाळामास्तराला काय वाटत असेल, हे आपण जाणालच. मी कोणत्या इयत्तेत आहे, हे त्यांनी मला कधी विचारले नाही. परत आणलेले पुस्तक हातात घेऊन ते एवढेच म्हणत, ‘कितव्या पानावर सोडलंस?’ पुस्तक पुरे केले असे सांगितले तर ते मान डोलावीत; बाराव्या पानावर सोडले असे कबूल केले तर रागावणे दूरच, मेजाच्या खणातून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढून तीत पुस्तकाचे नाव, पानाचा आकडा आणि सोडण्याचे कारण, मुलाच्याच शब्दांत, टिपून ठेवीत. ‘नुसतं वर्णन आहे.’ ‘त्यातला मुलगा फार शहाणा आहे.’ ‘अक्षर बारीक.’ ‘पुढे काय होणार ते आधीच कळलं.’ वर्षअखेरीस नव्या खरेदीची यादी करण्याची वेळ आली, म्हणजे प्रकाशकांच्या सूचिपत्रांच्या आधी ही वही त्यांच्या पुढ्यात उघडलेली असे. पुस्तकनिवडीविषयी पुढे मी पुष्कळ वाचले, प्रशिक्षणवर्गांत ऐकले आणि स्वतःही सांगितले. पण त्या वहीच्या तोडीचे शास्त्र मला अन्यत्र आढळले नाही, आणि आज जे काही मी बोलणार आहे ते तिच्यावरचे भाष्य आहे, असेच आपण समजावे.

या विषयातील मूळ अडचण अशी आहे की मुलाचे पुस्तक विकत घेणारा एक आणि वाचणारा दुसराच असतो. प्रौढ माणूस स्वतःसाठी कादंबरी घेतो तेव्हा चूक झाली तर तिचा दंड तोच भरतो. मुलासाठी पुस्तक घेणारा बाप, मावशी, मुख्याध्यापक किंवा खरेदी समितीचा सभासद मात्र ते पुस्तक बहुधा उघडूनही पाहत नाही, आणि त्याच्या चुकीचा दंड भरावा लागतो तो मुलाला. तो दंडही साधा नव्हे. तीन कंटाळवाणी पुस्तके लागोपाठ हाती आलेले मूल पुस्तकांना नावे ठेवीत नाही. आपल्यालाच वाचन जमत नाही, अशी त्याची समजूत होते, आणि ती एकदा दृढ झाली की पुढील आयुष्यात ती दूर करणे किती कठीण जाते, हे मी चौतीस वर्षांच्या नोकरीत शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

आपल्या शाळांच्या व्यवहारात एक शब्द रूढ आहे, ‘अवांतर वाचन’. मुख्य काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात करावयाचे, केले तर उत्तम, न केले तरी चालेल असे, ते अवांतर. पाठ्यपुस्तक मुख्य आणि गोष्टीचे पुस्तक अवांतर, ही वर्गवारी आपण इतक्या सहजपणे स्वीकारली आहे की तिच्यात काही विपरीत आहे, अशी शंकाही आपल्याला येत नाही. वस्तुतः कोणत्याही घरात वाचनाची गोडी लावणारे पुस्तक आठवून पाहा. ते पाठ्यपुस्तक असल्याचे एकही उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या वाचनामुळे मूल वाचक झाले ते वाचन अवांतर, आणि ज्याच्यामुळे ते केवळ परीक्षार्थी झाले ते मुख्य, हा हिशेब कोठेतरी तपासून पाहिला पाहिजे.

तो तपासताना आपल्याला थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ प्रसिद्ध झाला. मूळ पुस्तक बेर्कें या फ्रेंच ग्रंथकाराचे, ते इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि नव्याने उघडलेल्या सरकारी शाळांतील मुलांच्या हाती देण्यासाठी भाषांतरित झाले. म्हणजे मराठी बालवाङ्मय जन्मले ते शाळाखात्याच्या दप्तरात. त्याच्या पाळण्याशेजारी पंतोजी उभा होता, आणि नीतिबोध हे त्याचे कुळ ठरले. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. छत्र्यांचे गद्य आजही वाचावे इतके स्वच्छ आहे; विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि १९१४ मध्ये देहावसान होईपर्यंत, तीन तपांना थोडीच कमी इतकी वर्षे, ते जवळजवळ एकहाती चालविले, ही तपश्चर्या कोणत्याही भाषेला भूषणावह आहे; आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी नवे मासिक सुरू करताना त्याचे नाव ‘आनंद’ ठेवले. बोधाकडून आनंदाकडे यावयास मराठी मुलांच्या मासिकांना ही पंचवीस वर्षे लागली. नावांतला हा पालट मला फार मोठा वाटतो, आणि खेद असा की पुस्तके घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण अजूनही पहिल्याच नावाशी थांबले आहेत.

मुले मात्र थांबली नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या काही मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. त्या प्रौढांच्या मनोरंजनासाठी, प्रौढ भाषेत, संस्कृतप्रचुर वाक्यांत उतरलेल्या. तरीही कित्येक पिढ्यांतील मुलांनी त्या माळ्यावर, अंधारात, शब्दांच्या निम्म्या अर्थावर पाणी सोडून वाचल्या. अर्थ निम्माच कळला म्हणून कोणी अडला नाही, कारण पुढे काय झाले हे कळणे भाग होते. शब्द कठीण आहेत म्हणून पुस्तक मुलांना झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार अवश्य करावा. मूल कठीण शब्दाला भीत नाही. निर्जीव वाक्यापुढे मात्र ते हटकून थांबते.

बाबूराव अर्नाळकरांविषयीही येथे बोलले पाहिजे, जरी विद्वत्सभांतून त्यांचे नाव घेण्याचा शिरस्ता नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या; झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी मराठी मुलांनी जितका मार खाल्ला तितका दुसऱ्या कोणासाठी खाल्ला नसेल. भूमितीच्या पुस्तकात दडवून त्या वाचणारा मुलगा बिघडला, असे तेव्हा घरोघर मानले जाई. माझ्या अनुभवात त्यांतले बहुतेक पुढे उत्तम वाचक झाले, कारण पान उलटण्याचा वेग, एका बैठकीत शंभर पाने संपविण्याचा दम आणि पुस्तक खाली ठेववत नाही म्हणजे काय होते याचा प्रत्यय, या तिन्ही गोष्टी त्यांना तेथे मिळाल्या होत्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने असे काही हातात घेतले तर ते काढून घेऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. त्याच्या शेजारी दुसरे अधिक चांगले पुस्तक ठेवावे आणि वाट पाहावी.

आता मी ‘श्यामची आई’कडे वळतो, कारण या पुस्तकाचा दाखला देऊनच संस्काराचे पुरस्कर्ते आपली बाजू मांडतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ते लिहिले, आणि दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. त्यात उपदेश आहे, विपुल आहे, हे कोण नाकारील? परंतु मुलांनी ते उपदेशासाठी जवळ केले का, हा प्रश्न आहे. मी वर्गात ते अनेक वेळा वाचून दाखविले, आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: आई नीतिवचन सांगू लागली की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होई, आणि पोहायला भिऊन माळ्यावर लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते आणि मारीत विहिरीकडे पाठविते, तेथे चाळीस मुलांचा श्वास एकदम अडे. श्याम भित्रा आहे. तो लपतो, चुकतो, आईला रडवितो आणि स्वतः रडतो. पुस्तकाची रचनाही अशी की दिवसाचे काम आटोपल्यावर आश्रमातील मित्रांना श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे वाचणाऱ्या मुलालाही त्या घोळक्यात मांडी घालून बसावयास जागा मिळते. हे सारे कथाकाराचे कसब आहे. श्यामऐवजी एखादा सदाचारी, निर्भय, आज्ञाधारक बालक त्या घरात जन्माला घातला असता, तर आईची तीच वचने असूनही ते पुस्तक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचले नसते, असे माझे निश्चित मत आहे. लाल वहीत ‘त्यातला मुलगा फार शहाणा आहे’ हे कारण लिहिणाऱ्या माझ्या त्या अज्ञात सवंगड्याने हेच सांगितले होते.

याच कसोटीवर ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी उतरतात, आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पुरेपूर उतरतो. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे, त्याची सायकल आणि जिभेने टाळूवर केलेला त्याचा तो आवाज. यांतील एकही गोष्ट कोणत्याही मुलाच्या आवाक्याबाहेरची नाही. राजपुत्र होण्यासाठी राजाच्या पोटी जन्मावे लागते. फास्टर फेणे होण्यासाठी मात्र फुरसुंगीची एस. टी. पुरते. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणून सागरतळ, चंद्र आणि पृथ्वीचा गर्भ मराठी मुलांना दाखविला, ही त्यांची सेवा मोठीच. पण साहस आपल्याच वाटेवर, पुण्याजवळच्या एका लहान गावापासून सुरू होऊ शकते, हे दाखविणारी त्यांची दुसरी सेवा मला त्याहून मोलाची वाटते.

मुलांसाठी लिहिणे हे उरलेल्या वेळात, उजव्या हाताने गंभीर लेखन करून झाल्यावर डाव्या हाताने उरकावयाचे काम आहे, ही समजूत लेखकांतही आहे. तिला खोडून काढणारे साक्षीदार आपल्या भाषेत थोर आहेत. ‘स्वेदगंगा’ लिहिणारे विंदा करंदीकर १९६१ साली ‘राणीची बाग’ लिहितात, आणि पुढे तीस वर्षे मुलांसाठी लिहीतच राहतात, आणि जी. ए. कुलकर्णी यांच्यासारखा गूढ, दुःखाच्या तळाशी गेलेला कथाकार ‘बखर बिम्मची’ लिहितो. विंदांच्या बालकवितांत बोध शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. तेथे शब्द एकमेकांवर आपटतात, उलटे होतात, तर्काच्या कुंपणावरून उडी मारतात, आणि मूल खदखदून हसते. हे हसणे भाषेवर हुकमत आल्याचे चिन्ह आहे. ज्याला वाक्य सरळ कसे असते हे ठाऊक झाले आहे तोच ते उलटे झाल्यावर हसतो. अशा पुस्तकाला ‘यातून काय शिकायला मिळाले?’ असा प्रश्न विचारून आपण त्याचा रस काढून घेऊ नये.

अगदी लहान, अक्षरओळख नसलेल्या मुलांच्या पुस्तकांकडे आपले फार दिवस दुर्लक्ष झाले. चित्र ही मजकुराची सजावट, असेच आपण मानीत आलो. त्यामुळे एकाच साच्यातील गोबऱ्या गालांची मुले आणि हसरे सूर्य यांनी आपली पुस्तके भरून गेली. या बाबतीत माधुरी पुरंदरे यांचे काम आपण मुद्दाम पाहावे असे मी म्हणतो. त्या स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रे काढतात. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसे आहेत तशी, चुरगळलेल्या कपड्यांसह, पसाऱ्यासह दिसतात, आणि मजकुरात न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी चित्रात असतात. माझी नात एका चित्रापाशी दहा मिनिटे थांबली होती, आणि पान उलटण्याची घाई मीच करीत होतो. त्या दिवसापासून चित्रांचे पुस्तक घेताना मी एक प्रयोग करतो: मजकूर हाताने झाकून नुसती चित्रे पाहतो, आणि गोष्ट पुढे सरकते की नाही ते ठरवितो. गद्य पुस्तकासाठी दुसरा प्रयोग: मधलेच कोणतेही पान उघडून मोठ्याने वाचावे. जीभ अडखळली, श्वास पुरेनासा झाला किंवा आपल्यालाच आपल्या आवाजाचा कंटाळा आला, तर ते पुस्तक मुलाला देऊ नये, मग मुखपृष्ठावर कोणाचीही शिफारस छापलेली असो. वेष्टनावर छापलेल्या वयोगटाला मी फारसा मान देत नाही. आठ वर्षांचे मूल बाराव्या वर्षाचे पुस्तक वाचू शकते आणि बारा वर्षांचे मूल तापात पडले की पाचव्या वर्षाचे पुस्तक मागते.

आणखी एक गोष्ट मला सलते. मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल, खानदेशात घरी अहिराणी बोलणारे मूल, सिंधुदुर्गातील मालवणी आणि गोव्यात घरी कोंकणी बोलून मराठी वाचणारे मूल, या साऱ्यांना आपण जे पुस्तक देतो त्यातील घर बहुधा पुण्या-मुंबईकडचे असते; सुट्टीत मामाच्या गावाला जाणारा मुलगा त्यात असतो, पण त्या गावातच बारा महिने राहणारा, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारा, शाळा अर्ध्यावर सोडणारा मुलगा क्वचितच असतो. स्वतःचे अंगण छापील पानावर एकदाही न पाहिलेल्या मुलाला पुस्तक हे परक्यांचे वाटले, तर त्याचा काय दोष? खरेदीची यादी करताना निदान काही पुस्तके तरी अशी शोधावीत, आणि न सापडली तर प्रकाशकांना तसे लिहून कळवावे. मागणीची नोंद झाल्याशिवाय पुरवठा होत नाही.

शाळेतील पुस्तकांच्या कपाटाविषयी बोलणे मला जड जाते, तरी बोलतो. ज्या शाळेत मी प्रथम रुजू झालो तेथे ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे आला, तो एका किल्लीच्या आणि एका नोंदवहीच्या रूपाने. नोंदवही डेडस्टॉकची, तीत टेबले, खुर्च्या, घंटा आणि गोष्टीची पुस्तके एकाच रकान्यात चढविलेली. पुस्तक हरवले तर किंमत शिक्षकाच्या पगारातून वसूल होईल, अशी ताकीद आधीच्या मास्तरांना मिळाली होती, म्हणून त्यांनी अकरा वर्षे कपाट उघडलेच नव्हते. मी उघडले तेव्हा खालच्या दोन फळ्यांवर वाळवीने मातीची घरे केली होती. हिशेबात एकही प्रत कमी नव्हती. याउलट, गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’मध्ये जो शिक्षक रंगविला आहे, तो वर्गात गोष्टी सांगू लागतो आणि पुढे मुलांसाठी वर्गातच लहानसे ग्रंथालय उभे करतो. गिजुभाईंबरोबर आणि त्यांच्यानंतर ताराबाई मोडकांनी तीच वाट बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतले पहिलेच सूत्र ग्रंथ वापरासाठी असतात असे आहे. वापरून फाटलेल्या पुस्तकाचे निर्लेखन करण्याची तरतूद असते; न वापरता कुजलेल्या पुस्तकाचा जाब कोणी विचारीत नाही. तो विचारला जावा, असे मला वाटते.

सगळेच चित्र निराशेचे नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ पासून चालविलेल्या ‘किशोर’ मासिकाने खेड्यापाड्यांतील शाळांत जे पोचविले त्याचे ऋण माझ्यासारखे शिक्षक विसरणार नाहीत, आणि त्याचे जुने अंक आज संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. पुस्तके आहेत, पूर्वीपेक्षा देखणी आहेत. ती योग्य मुलाच्या हाती पडावीत यासाठी मध्ये उभ्या असलेल्या माणसाने ती आधी वाचलेली असावीत, आणि मुलाने दिलेला नकार त्याने निमूटपणे ऐकून घ्यावा, इतकेच हवे आहे. अर्धे सोडण्याचा हक्क ज्याला नाही त्या मुलाला निवडीचाही हक्क नाही.

कार्यकारी मंडळाला आता माझी एक दरखास्त आहे. आपली पुढील ग्रंथखरेदी दिवाळीनंतर व्हावयाची आहे, असे चिटणीसांनी मला सांगितले. त्या वेळी दुकानात जाताना दहा ते चौदा वर्षांची चार मुले, दोन मुलगे आणि दोन मुली, बरोबर न्यावीत. बालविभागाच्या रकमेपैकी अर्धी रक्कम त्यांच्या पसंतीने खर्च करावी आणि त्या पसंतीवर कोणीही फेरविचार करू नये. बालविभागाच्या कपाटाची कुलपे काढावीत, आणि सर्वांत खालच्या फळ्या मुलांच्या हाताला येतील अशा ठेवाव्यात. ग्रंथपालांची ती लाल वही व्याख्यानापूर्वी मी मागवून घेतली. ती येथे माझ्यासमोर आहे. तिची शेवटची सत्तावीस पाने कोरी आहेत. उद्यापासून देवघेवीच्या खिडकीवर ती पुन्हा ठेवावी.